पणजीचे कॅसिनो आणि व्हिडिओ पोकर: बुफे राहू दे, तक्ता सांगा

किलवर_गुलाम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे पर्वरीत भाड्याने राहतो. रोज अटल सेतूवरून पणजीत उतरताना मांडवीत उभ्या बोटी दिसतात आणि रात्री परतताना त्यांचे दिवे. गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, पण माझ्या आधारवर अजून कोल्हापूरचाच पत्ता आहे, त्यामुळे दारात अडवत नाहीत.

गोव्यातल्या कॅसिनोंची तुलना शोधायला गेलं की सगळीकडे तीच टेप: कुठला बुफे झकास, नाच कुठे बरा, पॅकेजमध्ये दारू किती, पोरांना सोडायला खोली आहे का. तीन पत्ती आणि अंदर-बाहरवाल्यांना टेबलाची कमीत कमी बोली तरी कुणीतरी सांगतं. आम्ही व्हिडिओ पोकरवाले कुणाच्या खिजगणतीतच नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पडद्यावर पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, बाकीचे बदलायचे, शेवटी जो हात बनेल त्याचे पैसे वरच्या तक्त्याप्रमाणे. समोर डीलर नाही, दुसरा खेळाडू नाही. स्लॉट मशीन किती परत देतं हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. इथे मात्र सगळं तक्त्यातच लिहिलेलं असतं, वाचता आलं पाहिजे एवढंच. जॅक्स ऑर बेटर, म्हणजे गुलामाच्या जोडीपासून पैसे मिळायला सुरुवात होते तो साधा खेळ घ्या. एका नाण्याला फुल हाउसचे (तीन सारखे आणि एक जोडी) ९ आणि फ्लशचे (पाचही पत्ते एकाच रंगाचे) ६ देत असेल तर नीट खेळणाऱ्याला १०० रुपयांच्या उलाढालीत सरासरी ९९.५४ परत येतात. तेच ८ आणि ५ केलं की ९७.३०. ७/५ ला ९६.१५ आणि ६/५ ला ९५. बाकी तक्ता जसाच्या तसा, मशीनही तेच. फुल हाउस साधारण ८७ डावांत एकदा येतं आणि फ्लश ९१ डावांत एकदा, त्यामुळे एकेक आकडा खाली आला की १.१ टक्क्याच्या आसपास गळती. पडद्यावरचे हे दोन आकडे बदलले तर तिथे बसलेल्या दहांपैकी नऊ जणांना पत्ताही लागत नाही.

दुसरं म्हणजे रॉयल फ्लश, एकाच रंगाचे दश्शी ते एक्का. एक ते चार नाणी लावली तर नाण्यामागे २५०, पाच लावली की एकदम ४०००. म्हणून पाचच लावायची. पाच परवडत नसतील तर लहान नाण्याच्या खेळावर जायचं.

आता प्रश्न. गोव्यात बोटी वेगळ्या आणि हॉटेलातले कॅसिनो वेगळे. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ ला दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवर टेबलंही आली. त्यामुळे जमिनीवर कायद्यानेच यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक खेळ. लोक म्हणतात की खरी मजा बोटीवर, म्हणजे डेल्टिन रॉयल, मॅजेस्टिक प्राइड, बिग डॅडी वगैरे. पण ज्याला यंत्रच हवंय त्याने होडीत बसून नदीत कशाला जावं? माझा तरी अंदाज असा की आपल्यासाठी हॉटेलंच बरी. कुणी अलीकडे तक्ते बघितलेत का?

नशीबवान_७७

भावा, एवढं गणित करून कोण खेळतंय? मी बेळगावहून चोर्ला घाटातून दर महिन्याला येतो. माझं साधं सूत्र आहे. कोपऱ्यातलं मशीन बघायचं, ज्यानं तास-दीड तास कुणालाच काही दिलेलं नाही. ते पिकलेलं असतं. त्यावर बसायचं आणि बरोबर घ्यायचं.

होल्ड_बटण

पिकतात ते फणस, नशीबवानराव. फणसाला ठाऊक असतं आपण किती दिवस लटकलोय. मशीनला नसतं.

मी सहा वर्षं एका बोटीवर स्लॉट विभागात दुरुस्तीला होतो. कुठल्या ते सांगत नाही. गोंयकार असल्यामुळे १ फेब्रुवारी २०२० पासून आम्हाला खेळायला आत जाता येत नाही, नोकरी करता येते. म्हणजे मशीनचं पोट उघडायला चालतं, समोरच्या खुर्चीवर बसायला चालत नाही. असो.

धागाकर्त्याला दोन गोष्टी. पहिली, 'तिथे व्हिडिओ पोकर नाही' असं कुणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. पोकरचं वेगळं मशीन सहसा नसतंच. एकाच मशीनमध्ये दहा-वीस खेळ असतात, फळंबिळं पहिल्या पडद्यावर आणि पोकर यादीच्या शेपटाला. आमच्याकडे एका मशीनवर ते तिसऱ्या पानावर होतं आणि ते पान उलटायचा कोपरा बोटांनी घासून बधिर झालेला. तीनदा दाबावं लागे. लोक एकदा दाबून निघून जायचे.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. त्याच मशीनवर नाणं बदललं की तक्ता बदलू शकतो. २ रुपयांच्या नाण्याला एक, ५ च्या नाण्याला दुसरा. म्हणून 'अमक्या कॅसिनोत ८/५ आहे' या वाक्याला अर्थ नाही. कुठलं मशीन, कुठला खेळ, कुठलं नाणं, हे तिन्ही सांगितलं तरच ती माहिती. आणि तीही जपून, कारण मी असताना रात्रीत मजल्याची मांडणी बदललेली पाहिली आहे.

तारवटी_पेडणे

जहाजावर पंधरा वर्षं काढली. सुट्टीत दोनदा लास व्हेगासला जाऊन आलो, म्हणून लिहितो. हा खेळ तिथलाच. साय रेड नावाच्या गृहस्थांच्या कंपनीने १९७९ मध्ये 'ड्रॉ पोकर' बाजारात आणलं, तीच कंपनी पुढे आयजीटी झाली. व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात नियम आहे की पडद्यावर पत्ते दाखवत असाल तर ते खऱ्या ५२ पत्त्यांच्या जोडासारखेच पडले पाहिजेत. त्या नियमामुळेच तक्ता वाचून टक्केवारी काढता येते. नुसता तक्ता बघून चालत नाही, पत्ते खरे पिसले जातात हा विश्वासही लागतो. अमेरिकेतच आदिवासी जमातींच्या काही कॅसिनोंत पोकरसारखी दिसणारी मशीनं असतात जी आतून बिंगो खेळत असतात. पडद्याच्या कोपऱ्यात बिंगोचं छोटं कार्ड दिसतं. तिथे तुम्ही काय ठेवलं नि काय टाकलं याला फारसा अर्थ नसतो.

व्हेगासचीही एक गंमत. झगमगाटाच्या मुख्य रस्त्यावर लहान नाण्याला ६/५ सर्रास. चांगले तक्ते बघायला गावाबाहेर, तिथले रहिवासी जातात त्या साध्या कॅसिनोंत जावं लागतं. गालिचा जेवढा जाड तेवढा तक्ता पातळ.

आणि किलवरराव, तक्ता ९/६ चा असला तरी खेळ चुकीचा असेल तर ते ९९.५४ कागदावरच. जोडी असताना सोबत एक्का धरून ठेवणारे मी ढिगाने पाहिले. 'एक्का आहे, असू दे.' अरे, त्या एक्क्यामुळे तीनऐवजी दोनच पत्ते बदलून मिळतात!

हिशेबनीस (फोंडा)

धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे अर्ध्या टक्क्याचा कीस काढताय आणि दारातल्या चाळीस टक्क्यांकडे कुणाचं लक्ष नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत आत जाताना भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. १०,००० भरले आणि कर त्यातच धरला, तर खेळाच्या वाट्याला येतात ७,१४३. उरलेले २,८५७ पत्ता उघडण्याआधीच गेले.

आता तुमचं गणित. ५ रुपयांचं नाणं, पाच नाणी, डाव २५ रुपयांचा. तासाला ४०० डाव म्हणजे १०,००० ची उलाढाल. ९/६ वर सरासरी तोटा तासाला ४६ रुपये, ८/५ वर २७०, ६/५ वर ५००. म्हणजे दारातला एकदाचा कर हा ९/६ वर ६२ तास खेळून होणाऱ्या तोट्याएवढा. ८/५ वर साडेदहा तासांएवढा. मग कॅसिनोंची तुलना कशावर करायची? पावती कशी फाडतात त्यावर. कर ग्राहकाच्या क्रेडिटमधून कापतात की पॅकेजमध्ये स्वतः सोसतात, हे आधी विचारा.

त्यातल्या त्यात तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे. कर आत आणलेल्या पैशावर लागतो, दर डावावर नाही. जिंकलेले पैसे तिथेच पुन्हा लावले तर त्यावर नव्याने लागत नाही. त्यामुळे ज्याचे पैसे हळूहळू झिजतात त्याला, म्हणजे तुम्हाला, तो कमी बोचतो. थोडे पैसे, लांब बैठक. पण 'नाही खेळलो तर परत घेऊ' म्हणून जास्त भरू नका, न वापरलेली रक्कम परत केली तरी कराच्या हिशेबातून ती वजा होत नाही.

मग ओटीपी. मोबाईलवर येतो तो नव्हे, एकदाच खेळता येणारं कूपन. जिंकलात तर जिंकलेली रक्कम मिळते, कूपन जातंच. लोक ते लाल-काळ्यावर ठेवतात. एका शून्याच्या रूलेटवर तिथे जिंकायची शक्यता ३७ मध्ये १८, म्हणजे १,००० च्या कूपनची खरी किंमत ४८६ रुपये. तेच एका आकड्यावर ठेवलं तर ३५ पट मिळतात, शक्यता ३७ मध्ये १, किंमत ९४६. कूपन कसंही परत मिळणार नसल्यामुळे हे असं होतं. स्वतःच्या पैशाने हा उद्योग करू नका. एका आकड्यावर कूपन घेतात का, हे आधी विचारून घ्या. पोकरच्या मशीनवर चालतं का, तेही.

आणि रॉयल फ्लश लागलाच, तर १०,००० च्या वरच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस. ५ च्या नाण्यावर रॉयल २०,००० चा, त्यातले ६,००० कापले. तुमच्या ९९.५४ मध्ये एकट्या रॉयलचा वाटा जवळपास २ टक्के आहे, म्हणजे हातात ९८.९५ उरले. २ च्या नाण्यावर रॉयल ८,००० चा, तो जागच्या जागी कापला जात नाही. विवरणपत्रात दाखवायचा मात्र असतोच, हे मी लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच विचाराल.

बेतीची_बाय

मी बेतीच्या बाजूने रोज संध्याकाळी या बोटी बघते. दिवे पाण्यात पडतात, सुंदर दिसतं, नाही म्हणत नाही. शनिवारी पणजीच्या धक्क्याजवळ गाडी काढायला मात्र अर्धा तास. आमच्या जत्रेतल्या गडगड्याच्या जुगारावर पोलीस धाड घालतात आणि नदीत परवाना घेऊन तेच चालतं, ही तक्रार माझी जुनी. असो, धागा भरकटवत नाही.

एकच विचारते, किलवरबाब. एवढं सगळं काढून शेवटी तोटाच येतो हे तुम्हीच लिहिलंत. मग जाता कशाला?

किलवर_गुलाम

ताई, कोल्हापुरात असताना दर रविवारी रमी खेळायचो, तेव्हाही महिन्याला शे-दोनशे जायचेच. पत्ते हातात आल्यावर काय टाकायचं याचा विचार करायला आवडतो. तीन तासांचे शे-दोनशे जात असतील तर सिनेमा म्हणून सोडून देतो. हजार जात असतील तर नाही जाणार. नेमकं तेच कळावं म्हणून धागा.

हिशेबनीस काका, दंडवत. कराचा विचार मी खरंच केला नव्हता. मंगळवारी जाऊन येतो आणि लिहितो.

नशीबवान_७७

फणसवाली प्रतिक्रिया लागली मला :-) पण गेल्या खेपेला त्याच कोपऱ्यातल्या मशीनने फोर ऑफ अ काइंड (चार सारखे पत्ते) दिला होता, एवढं सांगून थांबतो.

होल्ड_बटण

नीट खेळलात तर तो साधारण सव्वाचारशे डावांत एकदा येतोच. तुम्ही तास-दीड तास बसलात, आला. अभिनंदन.

किलवर_गुलाम

जाऊन आलो. मंगळवार, संध्याकाळी साडेसात. हॉटेलातला कॅसिनो, नाव लिहीत नाही.

काउंटरवर ५,००० भरले. पावती तिथेच उभं राहून वाचली, मागचे दिल्लीवाले चुळबुळ करत होते. किंमत ३,५७१, कर १,४२९. त्या ३,५७१ चे तुकडे असे: खेळायचं क्रेडिट २,०००, ओटीपी १,०००, बाकी जेवण आणि मनोरंजन. ओटीपी मशीनवर चालेल का, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'हो सर, सगळीकडे.' आत गेल्यावर मशीनजवळचा पोरगा म्हणाला, 'नाही सर, फक्त रूलेटला.' परत बाहेर जाऊन भांडण्यात अर्धा तास गेला असता. रूलेटही इलेक्ट्रॉनिकच. एका आकड्यावर घेतात का विचारलं, घेतात म्हणाला. काकांचं ऐकून २० वर ठेवलं. गोळी उडत उडत शेजारच्या १ मध्ये बसली. चक्रावर २० च्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला १४ असतो, हे तेव्हा कळलं. गणित बरोबर होतं, तक्रार नाही.

होल्ड_बटण म्हणाले तसंच निघालं. पोकर यादीच्या तळाशी. २ रुपयांच्या नाण्याला ७/५ आणि त्याच पडद्यावर नाणं ५ चं केलं की ८/५. मग तिथेच बसून बेरीज-वजाबाकी. टक्क्याने ५ चं नाणं बरं, पण डाव २५ चा. तासाला ४०० डाव धरले तर तिथे २७० जाणार, २ च्या नाण्यावर १५४. टक्केवारी वाईट, पण खिशाला स्वस्त. २ वरच बसलो.

साधारण दोन तासांनी आलेला हात सांगतो. बदामचा राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि किलवरचा राजा. राजांची जोडी म्हणजे पैसे परत नक्की, आणि ती ठेवून तीन पत्ते बदलले तर सरासरी दीडपट. जोडी मोडून बदामचे चार ठेवले तर उरलेल्या ४७ पत्त्यांत एक्का म्हणजे रॉयल, नव्वी म्हणजे स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचे ओळीने पाच), बाकीच्या सात बदामांवर फ्लश, दुसऱ्या रंगाचे एक्के-नव्व्या सहा, त्यांवर स्ट्रेट (ओळीने पाच, रंग कुठलाही), आणि राजा-राणी-गुलाम आले तर पुन्हा जोडी. सगळं मिळून सरासरी एकोणीस पटींच्या वर. इथे विचार करायचाच नसतो. तरी बोट किलवरच्या राजावर दोन सेकंद थांबलं. शेजारच्या खुर्चीवर मिरजेचे एक काका होते, ते वाकून बघत म्हणाले, 'राजाची जोडी मोडतोस होय रे?' मी बटण दाबलं. चौकटची सत्ती आली. काकांनी 'च्च' केलं आणि आपल्या मशीनकडे वळले, जणू त्यांचेच दहा रुपये गेले.

उठलो तेव्हा २,००० चे १,६४० उरले होते. अडीच तासांत ३६० गेले. अपेक्षेच्या आसपासच. पण दारातले १,४२९ आणि न फळलेलं कूपन धरलं तर संध्याकाळ ३६० ची नव्हती, हे कबूल. जेवण बरं होतं.

आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून तक्ते पार्किंगच्या चिठ्ठीमागे लिहून आणले. जॅक्स ऑर बेटर वर दिलंच आहे, दोन जोड्यांना दोन्हीकडे २. दुर्री वाईल्डचाही (दुर्री कुठल्याही पत्त्याच्या जागी चालते तो खेळ) होता, त्यात फोर ऑफ अ काइंडला ४ लिहिलेलं दिसतंय. त्याच्या खालच्या ओळी लागत नाहीत, जेवताना चिठ्ठीवर सोलकढी सांडली.

तारवटी_पेडणे

दुर्रीच्या खेळात फोर ऑफ अ काइंड साधारण पंधरा डावांत एकदा येतो. सगळ्यात चांगल्या तक्त्यात त्याला ५ असतात आणि तो खेळ १००.७६ परत देतो. ५ चे ४ झाले की एका फटक्यात साडेसहा टक्के साफ. नाद सोड.

होल्ड_बटण

लगेच नको सोडू. ४ देऊनही चांगला असलेला एक तक्ता आहे. पाच सारखे १६, स्ट्रेट फ्लश १०, फुल हाउस ४, फ्लश ३, स्ट्रेट २, आणि चार दुर्र्यांना २००. हे सगळं तसंच असेल तर ९९.७३, तुझ्या ७/५ पेक्षा कितीतरी वर. पुढच्या खेपेला त्याच ओळी बघून ये, नाणं कुठलं तेही लिही. आणि सोलकढी नंतर पी.